पत्ता सापडेपर्यंत

सकाळी ७:००

बांगलादेशचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं. जशोरच्या संस्थेतला कार्यकर्ता साडेसातला मोटारसायकल बाहेर काढतो आणि निघण्याआधी मला फोन करतो. मी तेव्हा कल्याणला ओट्यापाशी असते, पोळ्या चालू असतात. हे फोन स्पीकरवर टाकायचे नाहीत हा मीच केलेला नियम. मुलींची नावं घरच्यांच्याही कानावर पडायला नकोत. त्यामुळे मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून बोलायचं.

आज तो वैतागलेला आहे. काल दिवसभर सातखिरा जिल्ह्यातल्या एका गावात फिरला. मुलीनं सांगितलेलं गाव आहे, शाळा आहे, मंगळवारचा हाटही भरतो. बापाच्या नावाचा माणूस मात्र कुणाला ठाऊक नाही. फोटो दाखवून विचारायची सोय नसते. ‘ही मुंबईत धाडीत सापडली’ हे एकदा गावात फुटलं, की पोर घरी पोचूनही तिथं राहू शकत नाही. म्हणून तो जन्मनोंदणीच्या चौकशीचं निमित्त सांगत फिरतो.

“दीदी, आणखी एखादी निशाणी काढा. एवढ्यावर घर सापडत नाही.”

काढते म्हणाले. पोळी करपली.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका संरक्षणगृहात मी केसवर्कर आहे. पोलिसांनी सोडवलेल्या मुली बाल कल्याण समितीच्या आदेशानं आणि सज्ञान बायका न्यायालयाच्या आदेशानं आमच्याकडं येतात. दोघींच्या इमारती वेगळ्या. त्यातल्या परदेशी मुलींना मायदेशी पाठवायचं टेबल माझ्याकडं आहे. ऑफिसात त्याला सगळे ‘रिपॅट’ म्हणतात. मानवी तस्करीविरुद्धचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जिनिव्हातली परिषद येते. माझ्या डोळ्यांपुढं चिखलाच्या रस्त्यावर बापाचं नाव विचारत फिरणारा तो मोटारसायकलवाला येतो.

सकाळी ८:४५

मुलींची प्रार्थना, नाश्ता उरकलेला. आज पोहे. बंगाली मुलींना पोह्यात मोहरी-कढीपत्ता का घालतात हे कळत नाही. त्या कढीपत्ता ताटाच्या कडेला लावून ठेवतात.

सातखिऱ्याची मुलगी समोर बसली आहे. वय सोळा-सतरा. आली तेव्हा तिनं नाव वेगळं सांगितलं होतं आणि गाव सांगितलं होतं बारासात, म्हणजे आपल्या पश्चिम बंगालमधलं. आधार कार्डही त्याच पत्त्याचं, अर्थात बनावट. हे दलालच पढवतो. ‘बांगलादेशी म्हणालीस तर तुरुंगात जाशील’, असं. ती अगदीच खोटी भीती नाही, म्हणून तर ती चालते. १ मे २०१२ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना सूचना पाठवली, की तस्करीत सापडलेली परदेशी बाई स्वतःच्या मर्जीनं आलेली नाही असं चौकशीत दिसलं तर तिच्यावर विदेशी नागरिक कायद्याखाली आरोपपत्र दाखल करू नये. सूचना चांगली आहे. पण लॉजवरच्या धाडीत सापडली तर ती पीडित. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी झोपडपट्टीतल्या तपासणीत सापडली असती तर घुसखोर. २०२५ साली शोधमोहिमा जोरात होत्या तेव्हा महाराष्ट्रात पकडलेले, मूळचे पश्चिम बंगालचे काही मजूर सरळ सीमेपलीकडं ढकलले गेले आणि मग परत आणावे लागले. पेपरांत आलं होतं. त्या हवेत एखादी पोर खरं गाव सांगत नसेल, तर मी तिला खोटारडी म्हणत नाही.

तिच्या पुढ्यात कोरा कागद ठेवते. पत्ता विचारायचा नाही, दारात उभं करायचं. “घराच्या दारात उभी राहा. पाठ घराकडं. उजव्या हाताला काय आहे?”

“पुकुर.” तळं. ती गोल काढते.

“डावीकडं?”

फणसाचं झाड. त्यापलीकडं चाचाचं घर. समोर रस्ता.

“रस्ता कसला? डांबरी?”

“सोलिंग.” म्हणजे विटा आडव्या बसवून केलेला. तिच्या भागात असेच रस्ते. रस्त्यापलीकडं घेर, म्हणजे बांध घालून खारं पाणी साठवलेली कोळंबीची तळी. हे सगळं मी आधीही लिहून घेतलं आहे आणि जशोरला पाठवलंही आहे. कागद तसाच पडून राहतो. ती पेन्सिलीनं तळं गडद करत बसते. मी चहा मागवते.

चहा येतो तेव्हा माझ्या टेबलावरचा पेपर तिच्याकडं तोंड करून पडलेला आहे. त्यात कुठल्याशा वादळाचा फोटो. ती सहज म्हणते, आमच्याकडं झड, म्हणजे वादळ, झालं तेव्हा फणस पडला.

कुठलं झड?

आम्फान.

आम्फान म्हणजे मे २०२०. सातखिऱ्याच्या दक्षिणेला, श्यामनगर-आशाशुनीकडं, नदीचे बांध फुटले आणि काही गावांत भरती-ओहोटीचं पाणी वर्षभराहून जास्त काळ घरांतून ये-जा करत राहिलं. “मग तुम्ही कुठं राहिलात?” बांधावर. म्हणजे फुटक्या बांधाचा जो तुकडा शाबूत होता त्यावर, ताडपत्रीखाली. आणि मग? मग तिथंच. ती टिकटॉकवरच्या ‘भाईया’बरोबर निघाली तीही त्या बांधावरूनच.

म्हणजे इतके दिवस ती मला शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता सांगत होती. गाव तेच, घर पाण्यात. पत्ता विचारला की माणूस कागदावरचा पत्ता सांगतो. ताडपत्रीला पत्ता म्हणायचं तिला सुचलं नाही आणि विचारायचं आम्हाला कुणालाच.

जशोरला मेसेज टाकते: बांधावर विचारा. बाप आता शेतमजूर नसेल, वीटभट्टीवर किंवा घेरावर असेल. आईला तिच्या स्वतःच्या नावानं कुणी ओळखणार नाही, थोरल्या मुलाच्या नावानं विचारा. ‘अमक्याची माँ’ असं.

वीटभट्टीचं मी उगाच लिहिलं नाही. शेतात खारं पाणी शिरलं की आधी बाप भट्टीवर जातो, मग थोरला भाऊ ढाक्याला, आणि मग घरात पार्लरच्या नोकरीचा फोन येतो. मे २०२१ मध्ये बेंगळुरूत एका बांगलादेशी तरुणीच्या छळाचा व्हिडिओ पसरला आणि टिकटॉकवरून मुली जमवणारी अख्खी टोळी उघडी पडली. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयानं जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या. त्या प्रकरणानंतर आमच्याकडच्या पोरींच्या जबाबांत काही बदललं म्हणाल तर ॲपचं नाव. लोकांच्या मनातले कामाठीपुऱ्यातले पिंजरे अजून जात नाहीत. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकींनी कामाठीपुरा पाहिलेलाही नसतो. लॉज, भाड्याचे फ्लॅट, ‘स्पा’. पत्ता त्यांनाही सांगता येत नाही, कारण गाडीतून नेलं, गाडीतून आणलं.

सकाळी १०:३०

आता टेबल. आवक-जावक रजिस्टर, लाल फीत, स्मरणपत्रं.

या टेबलावर आंतरराष्ट्रीय कायदा कसा दिसतो ते सांगते. डिसेंबर २००० मध्ये इटलीतल्या पालेर्मोला संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी प्रोटोकॉल सह्यांसाठी खुला झाला. तस्करी म्हणजे काय हे जगानं एकदाचं तिथं ठरवलं: फसवून, धाकानं किंवा लाचारीचा फायदा घेऊन माणसाला शोषणासाठी हलवणं, आणि अठराच्या आतलं मूल असेल तर फसवणूक-धाक सिद्ध करायचीही गरज नाही. भारतानं त्याला २०११ मध्ये अंतिम मान्यता दिली, बांगलादेशानं २०१९ मध्ये, नेपाळनं २०२० मध्ये. त्याआधी २००२ च्या जानेवारीत काठमांडूला सार्कचा करार झाला, पण तो फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या बायका-मुलांच्या तस्करीपुरता. वीटभट्टीवर विकलेला बाप त्यात बसत नाही. जून २०१५ मध्ये भारत-बांगलादेश समझोता झाला. सुटका, परत पाठवणं, पुनर्वसन सगळं त्यात आहे.

पालेर्मोच्या आठव्या कलमात लिहिलंय, की पीडितेला विनाकारण किंवा गैरवाजवी उशीर न करता परत घ्यावं. माझ्या रजिस्टरातला प्रवास असा: मुलीची माहिती आणि फोटो बांगलादेशच्या उपउच्चायोगाकडं. तिथले अधिकारी येऊन तिच्याशी बोलतात. कागद ढाक्याला गृह खात्याकडं. तिथून पोलिसांच्या विशेष शाखेकडं, तिथून जिल्हा, ठाणं, गाव. गावात युनियन परिषदेच्या चेअरमनचा दाखला. मग त्याच वाटेनं उलटा प्रवास. नागरिकत्व पटलं की प्रवास परवाना. मग आपल्याकडं विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची बाहेर जाण्याची परवानगी, समितीचा किंवा न्यायालयाचा सोडण्याचा आदेश, आणि शेवटी पोलीस बंदोबस्त. प्रवास परवान्याला मुदत असते. ती आत असताना बंदोबस्त मिळाला नाही तर काही पायऱ्या परत चढायच्या.

करार वाईट नाहीत. करारात पायऱ्या आहेत, पायरीला तारीख नाही. एकही सही ‘पंधरा दिवसांत’ अशी बांधलेली नाही. जो कारकून माझा कागद तीन महिने ठेवतो तो कुठलाच करार मोडत नसतो.

सुटकेला तासभर लागतो: बनावट गिऱ्हाईक, खुणेचा मिस्ड कॉल, पंच, पंचनामा. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा. २०२२ मध्ये देशभरात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग सांगतो. किती जणी घरी पोचल्या याचा रकाना मी अजून कुठल्या तक्त्यात पाहिलेला नाही.

या क्षेत्रात नवीन येणाऱ्या प्रत्येकीला १९९६ सांगतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या लालबत्तीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मोठ्या धाडी पडल्या, चारशेवर मुली बाहेर काढल्या गेल्या. निम्म्याच्या आसपास नेपाळी. शासकीय गृहांत त्यांना ठेवायला जागा नव्हती आणि नेपाळ सरकार परत घ्यायला तयार नव्हतं. पुरावे काय, या आमच्याच कशावरून, आजार घेऊन येतील, असं सगळं निघालं. शेवटी अनुराधा कोइराला यांच्या माइती नेपाळसारख्या संस्था पुढं झाल्या आणि जुलैमध्ये सव्वाशेच्या वर मुली काठमांडूला गेल्या. ती सीमा उघडी, तिथं पासपोर्ट लागत नाही! मुलीला विकायला आणताना दोन्ही देशांत कुणी अडवलं नव्हतं. परत नेताना विमान लागलं.

दुपारी १२:३०

वरची इमारत. मोठ्या बायकांची.

इथं माझं मन जरा दुभंगतं. पीटा कायद्यात, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, सोडवलेल्या बाईच्या चौकशीसाठी तिला तीन आठवडे ठेवता येतं. आणि चौकशीअंती मॅजिस्ट्रेटला वाटलं तर ‘संरक्षणासाठी’ एक ते तीन वर्षं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन तरुणींना सोडताना स्पष्ट म्हटलं, की या कायद्यानं वेश्याव्यवसाय करणारी बाई गुन्हेगार ठरत नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्याच दिशेनं निर्देश दिले. निकाल आला तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. मी निकालाच्या बाजूची. तरीही दाराचं कुलूप मीच लावते, कारण बाई भारतीय असली तर तिला तिच्या घरी सोडता येतं. परदेशी असली तर दाराबाहेर पडताक्षणी ती बेकायदा राहणारी ठरते. कुलपाच्या आत पीडित, बाहेर आरोपी.

कुष्टियाची बाई मला हेच सुनावते. तिशीची आहे, जीभ तिखट. “दीदी, तुम्ही मला वाचवलंत की पकडलंत, ते एकदा लिहून द्या.” तिला कुणी फसवून आणलं हे खरं, पण ते बारा वर्षांपूर्वी. त्यानंतर तिनं तुर्भ्याला खोली घेतली, गावी बहिणीचं लग्न लावून दिलं. तिला आता परत जायचंच आहे, पण स्वतःच्या तारखेला, स्वतःच्या सामानासकट. तशी तरतूद कुठं नाही.

तिला चार वर्षांचा मुलगा. जन्म महापालिकेच्या रुग्णालयातला, जन्माचा दाखला मराठीत. पण डिसेंबर २००४ नंतर इथं जन्मलेल्या मुलाचा एक पालक बेकायदा आलेला असेल, तर जन्मानं भारतीय नागरिकत्व मिळत नाही. बाप कोण ते कागदावर नाही. म्हणजे बांगलादेशानं आईला आपली म्हटलं तरच पोरगा कुणाचा तरी. त्याच्या परवान्यावर आईचं नाव एका अक्षरानं वेगळं आलं होतं. ते दुरुस्त होऊन यायला लागलेल्या काळात तो आमच्या अंगणवाडीताईंकडून बाराखडी शिकला. त्याला बंगाली समजतं, बोलतो मराठीत. आत्ताही पायरीवर बसून मला विचारतोय, “मावशी, गाडीत खिडकी कोणाची?”

तुझीच, म्हटलं. उद्या सकाळच्या गीतांजलीनं सहा बायका निघणार आहेत, त्यांत हे दोघं आहेत.

दुपारी १:४०

लोकलमध्ये बसते तोवर जशोरहून आवाजी मेसेज. पाठीमागं वारा आणि कुणाची तरी बकरी.

सापडलं. बांधावर, वीटभट्टीच्या अलीकडं. आई समोर आली तेव्हा आधी नाही म्हणाली, मला मुलगीच नाही. पोलीस आले असं वाटलं तिला. कार्यकर्त्यानं फणसाचं झाड सांगितलं, चाचाच्या घराची खूण सांगितली, तेव्हा बसली खाली. बाप लगेच विचारत होता की सोडवायला किती पैसे भरावे लागतील. काही नाही, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. आजवर प्रत्येकानं त्याच्याकडं पैसेच मागितलेले.

आता आईच्या ओळखपत्राची प्रत, मुलीचा सतरा आकड्यांचा जन्मनोंदणी क्रमांक आणि चेअरमनचा दाखला. चेअरमन ढाक्याला गेलाय. परवा येईल.

म्हणजे आता तिची फाइल सुरू होईल.

दुपारी ३:००

सत्र न्यायालय. आजची साक्ष व्हिडिओवरून आहे, इन कॅमेरा, त्यामुळे कोर्टरूम रिकामी केली आहे. साक्षीदार आमच्याच गृहात होती, मागं घरी गेली. ती खुलन्याला भारताच्या सहायक उच्चायोगाच्या कचेरीत बसली आहे. परदेशातून साक्ष द्यायची तर आपल्या वकिलातीतला अधिकारी शेजारी समन्वयक म्हणून लागतो. आपले तीन म्हणजे तिथले साडेतीन. ती पहाटे बसनं निघालेली आणि संध्याकाळी परतायची. घरी तिनं काय सांगितलंय? दातांच्या डॉक्टरकडं चाललेय.

ही सोय नव्हती तेव्हा दोनच मार्ग असत. साक्ष होईपर्यंत मुलीला इथं अडकवून ठेवायचं, म्हणजे दलालाला जामीन आणि तिला कोठडी. नाहीतर तिला घरी पाठवायचं आणि खटला सोडून द्यायचा. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, पूर्वीचा १६४ चा, आता नव्या संहितेत १८३ चा, फाइलला असतो. पण साक्षीदार कोर्टात उभीच राहिली नाही तर त्या जबाबाचा आधार फार थोडा. कितीतरी आरोपी निव्वळ या अंतरावर सुटले आहेत.

दुभाषी म्हणून कोलकात्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. सातखिरा-खुलन्याकडचा बाज त्यांना अधूनमधून अडतो. मुलगी म्हणते ‘घाट’, त्या न्यायाधीशांना सांगतात ‘नदीकाठ’. सरकारी वकील हात वर करून थांबवतात. घाट म्हणजे इथं सीमा ओलांडायची ठरलेली जागा. तिचा मालक असतो, माणशी दर असतो. दुरुस्ती नोंदवली जाते. स्टेनो मान वर न करता टाइप करतो.

“पैसे कोणी कोणाला दिले?”

ती सांगते. रक्कम टाकांत सांगते, मग रुपयांत. बनगावच्या घरात दोन रात्री, हावड्याहून गाडी, कल्याणला उतरवलं. माझं स्टेशन. रोज सकाळी मी ज्या जिन्यानं चढते त्याच जिन्यानं हिला खाली आणलं असणार.

मग ओळख पटवणं. आरोपी पिंजऱ्यात मागं उभा, कॅमेरा न्यायाधीशांच्या टेबलावर. पडद्यावर तिला काय दिसत असेल याचा अंदाज मला आमच्या बाजूच्या छोट्या चौकटीवरून येतो: शर्टाचा निळा डाग, वर तोंडाच्या जागी प्रकाश. ती म्हणते, दिसत नाही. बचावाचे वकील लगेच, “नोंद घ्यावी, साक्षीदारानं ओळखलं नाही.” सरकारी वकील उठतात. न्यायाधीश बाई शांत आहेत. आरोपीला कॅमेऱ्यापासून चार फुटांवर आणायला सांगतात, खिडकीचा पडदा ओढायला सांगतात. पट्टेवाला पडदा ओढतो, तो अर्ध्यात अडकतो, तो स्टुलावर चढून ओढतो.

आता तो स्पष्ट दिसतो. मुलगी खुर्चीत मागं सरकते, पाच हजार रुपयांच्या मॉनिटरमधून माणूस बाहेर येणार आहे अशी. मग म्हणते, हाच. याच्या डाव्या हाताचा अंगठा वाकडा आहे.

“आरोपीनं हात दाखवावा.”

अंगठा वाकडा आहे.

उलटतपासणीत नेहमीचे प्रश्न. तुम्ही मर्जीनं आलात ना? मोबाइल होता ना? मग पोलिसांना फोन का केला नाही? कुठल्या देशाच्या पोलिसांना, हे कुणी विचारत नाही. ती दमते, पाणी मागते. साडेचारला, म्हणजे तिथल्या पाचला, समन्वयक अधिकारी घड्याळाकडं बघतात. तिची शेवटची बस सहाची. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला. पुढच्या तारखेला तिनं घरी कुठला डॉक्टर सांगायचा ते आम्हाला ठरवावं लागेल.

संध्याकाळी ५:४५

परतताना एका पोलीस ठाण्यात. उद्या निघणाऱ्यांतल्या नडाइलच्या मुलीचा मोबाइल धाडीत मुद्देमाल म्हणून जमा झाला होता. बायकांचे पैसे, कानातलं, फोन सगळं पंचनाम्यात जातं आणि आरोपीच्या नोटांबरोबर एकाच पाकिटात बसतं. परत मिळायला वेगळा अर्ज, वेगळा आदेश. आदेश आमच्याकडं आहे. मुद्देमाल सांभाळणारा कारकून बंदोबस्तावर. मागच्या खेपेलाही तेच. आज मात्र ठाणे अंमलदारानं किल्ली मागवली. खाकी पाकीट, लाखेचं सील, दोन पंचांच्या सह्या. फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं.

गल्लीतल्या रिपेअरवाल्यानं ती काढून दुसरी लावली. चालू झाला. तो म्हणाला, पॅटर्न टाका. तो कुठून आणू? होमवर नेऊन मुलीच्या हातात दिला. तिला सांगता येईना, पण बोट बरोबर फिरलं. आत आईचा एक फोटो आणि तिच्या भावाच्या सुंतेच्या वेळच्या जेवणाचे सतरा. ती सगळ्यांना जेवणाचेच दाखवत सुटली.

रात्री ८:१५

बॅगा. प्रत्येकीला एक कपड्यांची बॅग, शिवणाच्या वर्गाचं प्रमाणपत्र, औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर आमच्या गृहाचं नाव येणार नाही असं बघितलं आहे. गावात बॅग उघडली जाते. कमाईचे पैसे हा मोठाच घोळ. बँकेत खातं काढायला ओळखपत्र नाही, रोकड पाठवायची तर वाटेत जाते. म्हणून संस्थेकडून संस्थेकडं, पावतीसकट.

पुढचा प्रवास तोंडपाठ आहे. गीतांजली सहाला सीएसएमटीहून, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. रात्री कोलकात्यातल्या गृहात मुक्काम. तिसऱ्या दिवशी जशोर रोडनं पेट्रापोल. आधी आपलं इमिग्रेशन, मग सीमा सुरक्षा दल, मग झीरो लाइन. पलीकडं त्यांचं सीमा दल, बेनापोल ठाण्यात नोंद, आणि ठाण्याच्या दारात सकाळचा माझा मोटारसायकलवाला. तिथून पुढं त्याचं टेबल. काही आईबाप न्यायला येतात, काही येत नाहीत. काही मुली वर्ष-दोन वर्षांनी त्याच घाटानं पुन्हा इकडं येतात. त्यांच्या फाइलवर आम्ही नवा क्रमांक टाकतो, जुनी फाइल खाली जोडतो.

कुष्टियाच्या बाईनं तुर्भ्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडं दिली आहे. मालकाकडून डिपॉझिट आणायचं. मालक देणार नाही, हे तिलाही माहीत आहे. “भांडा तरी,” म्हणाली. भांडेन.

रात्री ९:००

बंदोबस्ताच्या दोन महिला शिपाई हजर. एक मुरलेली, एक नवीन, अमळनेरची, नागपूरच्या पुढं कधी न गेलेली. तिला सूचना देते: गणवेश घालू नका, डब्यात ‘बांगलादेशी’ हा शब्द काढू नका, कुणी विचारलं तर शिवणाच्या वर्गाची सहल. रात्री दाराजवळच्या बर्थवर तुम्ही. हातकड्या नाहीत, पण स्टेशनवर एकटीला उतरू द्यायचं नाही.

“मॅडम, हावडा ब्रिजचा फोटो काढला तर चालेल?”

“तुमचा काढा. त्यांचा नको.”

“आणि बॉर्डरवर?”

“तिथं कोणी मोबाइल काढूच देत नाही.”

मुरलेली वही काढते. “वॉरंटवर तिकिटं निघतात फक्त. बायांच्या जेवणाचं, चहाचं?”

पाकीट माझ्या सहकारिणीकडं आहे, सांगते. पण प्रत्येक बिल लागेल, चहाचं सुद्धा. बिलाशिवाय आमचा अकाउंटंट एक रुपया पास करत नाही.

“गाडीतला चहावाला बिल देतो होय, मॅडम?”

मग कागदावर लिहून त्याची सही घ्या, म्हटलं. मागच्या खेपेच्या चौघांच्या आहेत फाइलला.